गुलाबाची उघाडी

भादव्यातल्या पौर्णिमेच्या उधाणाला आमच्या गावाच्या बाहेरकाठ्याला खांड पडली. बाहेरकाठा म्हणजे खाडीकडचा मोठा बांध, खांड म्हणजे त्याला पडलेलं भगदाड. त्याच्या आत भात, बाहेर तिवरं आणि चिखल. दुपारची जेवणं उरकून मी रतनला थोपटत पडले होते, तेव्हा पाणंदीतून माणसं धावायला लागली. पाणी आवाज करीत आलं नाही. पोटरीला आलेल्या भाताच्या बुडातून ते चढत गेलं आणि चार वाजेपर्यंत आमच्या परसाच्या कुडाला लागलं. संध्याकाळी ओहोटीला बरंचसं परत गेलं. भात उभाच होता, हिरवा होता. पण बघणारी माणसं तो मेल्यासारखंच बोलत होती.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी विहिरीतून कळशी काढली, ओंजळ तोंडात घेतली आणि थुंकून टाकली.

"हिरीचा पानी खारा जाला," त्या म्हणाल्या. तेवढंच. आणि दोन कळशा घेऊन तळ्याच्या वाटेला लागल्या.

गोड्या पाण्याचं तळं डोंगराच्या पायथ्याला. जायला अर्धा तास, डोक्यावर भरल्या कळशा घेऊन यायला त्याहून जास्त. सासूबाई सकाळी दोन खेपा करीत, संध्याकाळी एक. त्यांचं नाव ठमाबाई. वय पंचावन्नच्या आतबाहेर, अंगाने काटक, तळपायांना मिठागरातल्या कामाने पडलेल्या भेगा. माझ्या नवऱ्याचे, धर्माचे, दिवस भरती-ओहोटीवर चालू झाले. ओहोटी लागली की घरटी एक माणूस खांडीवर. चिखलाचे गोळे कापायचे, हातोहात द्यायचे, भरती यायच्या आत जमेल तेवढा बांध चढवायचा. पुष्कळदा भरती येऊन अर्धं काम घेऊन जाई. धर्मा दीड वर्षापूर्वीपर्यंत मुंबईला गोदीत कारकून होता. वडील गेले आणि नव्या कायद्याने जमीन कसणाऱ्याच्या नावावर व्हायची ठरली, म्हणून आम्ही रेवसच्या अलीकडच्या या गावात आलो. तेव्हापासून त्याच्या हाताची कारकुनी कातडी दोनदा सोलून निघाली होती.

आणि मी घरात. कारण रतन.

रतन अडीच वर्षांची. श्रावणात तिचं पोट बिघडलं ते आठ दिवस थांबलं नाही. अलिबागेच्या डॉक्टरने तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. ते मी पाहिलं. पोर वाचली, पण तेव्हापासून मी तिचं पाणी उकळून, फडक्याने गाळून, वेगळ्या तांब्यात झाकून ठेवत असे. तिला कोणाच्या स्वाधीन करून कुठे जात नसे. सासूबाईंच्याही नाही. असं तोंडाने कधी बोलले नव्हते. पण बोलावं लागतंच असं नाही.

एकदा त्यांनी चुलीत बोंबील भाजून, राख झटकून रतनच्या हातात दिला. मी हातातलं पीठ टाकून धावले आणि तिच्या मुठीतून तो ओढून घेतला. रतन रडली. सासूबाई चुलीशी बसून होत्या. त्यांनी माझ्या हातातला बोंबील घेतला, पुन्हा निखाऱ्यावर धरला आणि स्वतः खाल्ला. सावकाश, काट्यासकट.

परसात न्हाणीच्या दगडाजवळ माझं गुलाबाचं झाड होतं. पालीला माझ्या माहेरी विहिरीच्या काठाला अशी चार झाडं आहेत. दुकानी गुलाबासारखं मोठं फूल नाही. बेताचं, गर्द तांबडं, पाकळ्या मोजक्या, काटे मात्र भरपूर. वासाने दारातून आत यावं असं. आई त्यांना काही करीत नसे. शेळ्या खात, उन्हाळ्यात ती वाळत आणि पुन्हा फुटत. या ज्येष्ठात माहेराहून येताना मी बोटभर जाडीच्या तीन काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या होत्या. दोन गेल्या. एक धरली. खांड पडली तेव्हा ती माझ्या गुडघ्याएवढी होती, आणि तो कोपरा उंच असल्याने पाणी तिथवर पोचलं नव्हतं.

आता तिला घालायला विहिरीचं पाणी नव्हतं. मी तांदळाचं धुवण जपून ठेवी आणि ते घाली. रतनचं तोंड धुतलेलंही परातीत धरी.

मासळी घेऊन येणारी नीराबाई पायरीवर पाटी उतरवून हे बघत बसे. कोळवाड्यातली, जिभेची मोकळी.

"राही, तू पोरीला न्हायला घालतंस का झाराला?"

"दोघांना, एकाच पाण्यात."

"आन् त्या पान्याच्या खाली मान कोनाची मोडतं?" तिने पाटीतल्या मांदेल्या चाळवल्या. "तल्यावर बाया बोलतान. सून सावलीन आन् सासू पान्याला. मी म्हनलं, शिकलेली हाय, तिना वजन पेलत नसंल."

ती हसली. मी मांदेल्या निवडून घेतल्या. तोंड गरम झालं होतं, पण काय सांगायचं? पोरीला तिच्या आजीजवळ ठेवायची भीती वाटते, हे?

दिवाळीच्या आधी एका दुपारी धर्मा खांडीवरून आला. कमरेपर्यंत चिखल, कोपरांना तिवरांचे ओरखडे. न्हाणीच्या दगडावर बसून तो विहिरीच्या खाऱ्या पाण्याने पाय धुत होता. मी मागे उभी होते.

"मी रतनला घेऊन पालीला जाऊ का?" मी विचारलं. "शाळेत जायची होईपर्यंत. तिथे पाणी चांगलं आहे. डॉक्टर दाराशी आहे."

तो बराच वेळ पाय घासत राहिला.

"तुझा तो गुलाब बघ," तो म्हणाला. "सगळे सांगत होते खाऱ्या गावात धरणार नाही. धरला का नाही? पोर पण धरेल."

"धरणं वेगळं. फुलू दे, मग बोला."

"आणि नाही फुललं तर?"

"दत्तजयंतीपर्यंत वाट बघते. फूल आलं तर राहीन. नाही तर आम्ही दोघी पालीला."

तो हसला. मी अर्धी थट्टेत बोलले होते. अर्धी नाही. तेवढ्यात कुडाच्या पलीकडे कळशी कळशीला लागल्याचा आवाज झाला. सासूबाई खेप घेऊन उभ्या होत्या. मी जाऊन वरची कळशी उतरवून घेतली. त्यांच्या चेहऱ्यावर पाणी ओघळलं होतं. डोक्यावरून खेप आणताना तसं ओघळतंच.

दिवाळी अंधारात झाली नाही एवढंच. बांधाआतल्या खलाटीतलं भात पिवळं न होता करडं झालं. पण गुलाबाला शेंड्याजवळ दोन कळ्या आल्या, हरभऱ्याएवढ्या. मी रतनला उचलून दाखवल्या. मागे उभ्या असलेल्या सासूबाईंनी विचारलं,

"कवा फुलंल?"

"पंधरा दिवसांत फुलतील."

"दत्ताच्या आधी?"

"बरंच आधी."

त्यांनी मान हलवली. त्यांनी त्या झाडाबद्दल केलेली ती पहिली चौकशी. मला बरं वाटलं.

त्यानंतर आठेक दिवसांनी पानांच्या कडा करपल्या. आधी खालच्या पानांच्या, जशी कोणी उदबत्ती फिरवावी तशा. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. मी रतनच्या आंघोळीतलं तांब्याभर वाचवून जास्त घातलं. पानं अधिकच करपली, मग गळायला लागली. कळ्या तशाच, मोठ्या होईनात. चौथ्या दिवशी मी खुरपं घेऊन बुंध्याशी बसले, कीड बघायला. वरची माती ओली होती. दोन बोटं खाली खुरपं लागलं तसं करकरलं.

पांढरे खडे होते. मी एक जिभेवर ठेवला.

सासूबाई ओसरीवर सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. रतन माझ्या मागे होती. मी हातातली माती त्यांच्या पुढ्यात धरली.

"ह्यात मीठ कोणी टाकलं?"

"मी," त्या म्हणाल्या. सूप थांबलं. "का?"

"का म्हणजे? झाड मेलं."

"नारलाला टाकतंव तसा टाकला. सालातून एकदा बुंध्याला शेरभर मीठ. आमचं दोनी नारल बघ, कवरं लागतान."

"नारळ आणि गुलाब एक का?"

त्या माझ्या हातातल्या मातीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी बोट लावून ते जिभेवर नेलं. जणू मी खोटं बोलत असेन.

मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. "तुम्हाला ते मरायलाच हवं होतं," मी म्हटलं. "पोरीच्या वाटचं पाणी पितं म्हणून. सरळ सांगायचं होतं, उपटून टाकलं असतं."

रतन आमच्या दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. सासूबाईंनी सूप खाली ठेवलं, पदराने गुडघ्यावरचा कोंडा झटकला आणि उठून परसात गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या असतील. मला आणखीच राग आला.

थोड्या वेळाने फावड्याचा आवाज आला. मी मागच्या दारात जाऊन पाहिलं. त्यांनी लुगड्याचा काष्टा वर खोचला होता आणि गुलाबाभोवतीची वरची माती खरवडून कुडापलीकडे टाकत होत्या. मग भोवती वीतभर उंचीचा बांध घातला. गोल नाही, चौकोनी, शेताचा घालतात तसा. उताराच्या बाजूला बांधात फट ठेवली आणि ती नारळाच्या सोडणाने, वरच्या जाड सालीच्या तुकड्याने, बंद केली. हाताच्या तळव्याने सगळं थापून गुळगुळीत केलं. सकाळच्या खेपेची एक भरली कळशी झाकून ठेवलेली होती. रात्रीच्या स्वयंपाकाची. ती त्यांनी उचलली आणि आत ओतली.

"आई, ते प्यायचं पाणी आहे," मी म्हटलं.

"ठाव हाय."

पाणी बांधात साठलं. तीन पानांचं झाड, त्याच्याभोवती चार हातांचं शेत. त्या उकिडव्या बसून बघत होत्या.

"खांड पडल्यावं शेतान खारा पानी शिरतं," त्या म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. "मंग काय करतान? पावसाचा गोडा पानी भरतान. ठेवतान. मीठ त्यान उतरतं. मंग उघाडी काढून सोरतान. पुन्ना भरतान. दोन साल, तीन साल." बांधातल्या पाणी सोडायच्या झडपेला आमच्याकडे उघाडी म्हणतात. इथे ते नारळाचं सोडण होतं. "यो येवरासा हाय. याला दोन साल कशाला लागतान."

दुपार कलेपर्यंत त्यांनी पाणी ठेवलं. मग सोडण काढलं. गढूळ धार उताराने कुडाकडे गेली. त्यांनी धारेत बोट बुडवून जिभेवर ठेवलं.

"खारा हाय," त्या म्हणाल्या. आणि रिकामी कळशी घेऊन जादा खेपेला निघाल्या.

पुढचे दिवस असे गेले. सकाळी दोन खेपा घरासाठी, तिसरी गुलाबासाठी, संध्याकाळी पुन्हा घरासाठी. बांध भरायचा, दुपारपर्यंत ठेवायचा, उघाडी काढायची, बोट, जीभ. "खारा हाय." कधी "लय खारा हाय." कधी नुसती मान. त्या माझ्याशी एरवी बोलत नव्हत्या आणि मीही बोलले नाही. पण दुपारची ती वेळ झाली की मी काहीतरी निमित्त काढून मागच्या दारात येई. रतन तर न्हाणीच्या दगडावर आधीच जाऊन बसलेली असे. झाडाची उरलेली पानं गळाली. एक कळी काळी पडून गेली, दुसरी देठावर वाळली. नुसत्या काट्यांच्या काड्या राहिल्या.

नीराबाईने ते पाहिलं आणि पहिल्यांदा थट्टा केली नाही. "ठमाबाय," ती म्हणाली, "मेल्या झाराला कशाला पानी वाहतंस? मान बघ तुजी."

"काडी आतून हिरवी हाय," सासूबाई म्हणाल्या.

विसेक दिवसांनी एकदा त्यांनी धारेतलं बोट जिभेवर ठेवलं आणि जरा थांबल्या. मग मला हाक मारली.

"ये गो. तू बघ."

मी बोट लावलं. मातीची चव होती. मागून हलकासा खारेपणा, घामासारखा.

"कमी झालंय," मी म्हटलं.

"माझी जीभ मिठागराची," त्या म्हणाल्या. "मना कमी कललं नाय." त्यांनी सोडण परत फटीत बसवलं. ते नीट बसेना, म्हणून माती लावत राहिल्या. "तू म्हनालीस ना, फूल आला तं ऱ्हाशील. नाय तं पोरीला नेशील. मी आयकला."

मी त्यांच्या हाताखालचं सोडण दाबून धरलं.

"म्हनून टाकला. लवकर फुलंल म्हनून. शेर टाकतान, मी दोन मुठी वर टाकला."

त्यांनी हात पुसले आणि आत गेल्या. मी न्हाणीच्या दगडावर रतनशेजारी बसून राहिले. त्या दगडावर दुपारचं ऊन होतं. रतनने माझ्या बोटाला लागलेली माती खरवडून काढली, एकेक कण.

त्याच आठवड्यात खांड बुजली. शेवटच्या ओहोटीला सगळा गाव बांधावर होता. धर्मा आला तेव्हा त्याचा आवाज बसला होता आणि हातात सुपारी-नारळाचा प्रसाद होता. जेवताना म्हणाला, "परवा दत्तजयंती."

"हो."

"तुकारामदादाची गाडी सांगू का? एसटीपर्यंत सोडेल." त्याच्या बोलण्यात टोचणी नव्हती. तो खरंच विचारत होता. "झाडाचं तर झालं तसं झालं. पण तू म्हणतेस तेही खरं आहे. पाणी अजून वर्षभर असंच राहणार."

"सांगा," मी म्हटलं. शब्द तोंडातून गेला आणि भाताचा घास तिथेच राहिला.

दत्तजयंतीच्या सकाळी मी ट्रंक भरली. रतनची झबली, गाळायचं फडकं, तिचा तांब्या. सासूबाईंनी एक गाठोडं आणून ट्रंकेवर ठेवलं. त्यात तांदळाचं पीठ, सुकी करंदी, आणि वेगळ्या कागदात बोंबील.

"तुज्या आयेला," त्या म्हणाल्या. "पोरीला नको देव."

मग त्या मागे गेल्या. मी चुंबळ झटकल्याचा आवाज ऐकला. दारात येऊन पाहते तो त्या कळशा उचलत होत्या आणि डावा पाय टाचेवर टेकत होत्या. चवड्याला चिंधी बांधलेली, चिंधी तांबूस.

"पायाला काय झालं?"

"कालवा लागला. काल बांधावं नैवेद ठेवाया गेलतू तवा." ऑयस्टर म्हणून मी ज्यांची चित्रं कॉलेजच्या पुस्तकात पाहिली होती, त्यांच्या शिंपा इथे प्रत्येक दगडाला चिकटलेल्या असतात, सुरीसारख्या. "जातू नि येतू. तुमी निघाच्या आधी येतू."

खोली तशीच होती. ट्रंक, गाठोडं, रतन ट्रंकेच्या कडीशी खेळत. गाडीचे बैल पाणंदीत येऊन थांबल्याचं घुंगरांवरून कळलं. मी सासूबाईंच्या हातातली चुंबळ घेतली.

"बसा तुम्ही," मी म्हटलं.

"गाडी आली ना गो."

"रतनला बघा."

त्या उभ्याच राहिल्या. "तू येशील तवर?"

"हो."

"आन् भूक लागली तं काय देव तिना?"

मी कळशा एकीत एक बसवत होते. त्या नीट बसायला वेळ लागला. "तुम्ही खाल ते द्या," मी म्हटलं. "काटा तेवढा काढा."

पुढच्या दाराने गेले. धर्मा गाडीपाशी तुकारामदादाशी बोलत होता. तुकारामदादाने माझ्या डोक्यावरच्या कळशांकडे बघितलं, मग धर्माकडे.

"दादा, आज नाही जायचं," मी म्हटलं. "बैलांना उगाच जुंपायला लावलं."

"मंग कवा?"

"कळवेन."

 धर्मा बैलांच्या मानेवरून हात फिरवायला लागला.

तळ्याच्या वाटेवर मी तीनदा मागे बघितलं. तिसऱ्या वळणानंतर घर दिसत नाही. तळ्यावर बाया होत्या. एक म्हणाली, "आज सूर्य कंच्या अंगाला उगवला?" दुसरीने मात्र मला उथळात भरताना पाहून हाताला धरून खोलात नेलं, जिथे पाणी निवळ होतं, आणि भरली कळशी चढवताना खालून हात दिला. येताना मान हलवता येईना. प्रत्येक पावलाला पाणी डुचमळून कपाळावर येत होतं, डोळ्यांत जात होतं, आणि पुसायला हात मोकळा नव्हता. रतन रडतेय का, ते ऐकायचा मी प्रयत्न करीत होते. पण कळशीखाली आपलाच श्वास ऐकू येतो.

घरी पोचले तेव्हा घर शांत होतं. ओसरीवर कोणी नव्हतं. मी तशीच कळशांसकट परसात गेले.

सासूबाई न्हाणीच्या दगडावर पाय पसरून बसल्या होत्या. रतन बांधाशी उकिडवी, डाव्या मुठीत अर्धा खाल्लेला बोंबील, ओठांना राख. नारळाचं सोडण काढलेलं होतं आणि काल सोडायचं राहिलेल्या पाण्याची शेवटची धार बारीक होऊन वाहत होती. काड्या तशाच उघड्या. अगदी बुडाशी, मातीला लागून, काडीच्या डोळ्यावर काहीतरी तांबडं होतं. कोंब असेल, नाही तर मातीचा कण. मी वाकले असते तर कळलं असतं. डोक्यावर दोन कळशा होत्या.

रतनने धारेत बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. माझे दोन्ही हात कळशीवरून सुटायला आले. ती विचार करीत असल्यासारखी थांबली, भुवया आक्रसून, आजीसारख्या.

"खारा हाय," ती म्हणाली.

"अजून हाय?" सासूबाईंनी विचारलं.

"हाय."

मी वरची कळशी त्यांच्या हातात दिली. खालची उतरवली, रतनचं बोट पदराने पुसलं, नारळाचं सोडण फटीत घट्ट बसवलं आणि कळशी बांधात रिकामी केली.